ठेंगणीची हिवाळी चिठ्ठी

(घरामागचं गॅरेज. कडाक्याची थंडी सुरू होण्याआधीची एक दुपार. दोन सीटांच्या बुटक्या स्पोर्ट्स कारचं, म्हणजे घरच्या ‘ठेंगणी’चं, बॉनेट उघडं आहे. सासूबाईंच्या हातात कूलंटचा, इंजिनाला तापू आणि गोठू न देणाऱ्या हिरव्या द्रवाचा, डबा आहे.)

सासूबाई : नाही, मिस्त्री. हा रंग माझा नाही.

मिस्त्री : बाईसाहेब, हिरवा तो हिरवाच.

सासूबाई : हिरव्या-हिरव्यात फरक असतो. हा माझा डबा. ह्यातलं कूलंट बघा, कसं गडद आहे. आणि आता गाडीतलं बघा. पोरांनी रंगाचा ब्रश धुतलेलं पाणी शोभेल. ह्यात कुणीतरी पाणी घातलेलं आहे.

मिस्त्री : आता कूलंटमध्ये पाणी कोण घालेल? दूध थोडंच आहे ते!

सासूबाई : कोण घालेल तेच मला जाणून घ्यायचं आहे. आणि त्या मांजरीला आधी बाहेर काढा. कूलंट गोड लागतं म्हणून चाटायला येते, आणि चाटलं की संपली.

मिस्त्री : शुक! चल, निघ. गेली बघा. आता तुम्हीही जरा खुर्चीवर बसा. उद्या सकाळी गुडघ्याच्या ऑपरेशनला निघायचंय आणि आज बॉनेटवर ओणव्या!

सासूबाई : गुडघा माझा आहे, माझं ऐकेल. ऑपरेशननंतर तीन महिने लेकीकडे राहायचं आहे. त्या तीन महिन्यांत इथे थंडी किती पडते ते तुम्हाला सांगायला नको. अंगणातल्या बादलीचा दगड होतो. आणि इंजिनात साधं पाणी राहिलं तर काय होतं, ते मी एकदा ह्या कानांनी ऐकलेलं आहे.

मिस्त्री : ते साहेबांच्या वेळचं ना? मी तेव्हा नव्हतो.

सासूबाई : नव्हतात म्हणूनच झालं. ह्यांनी उन्हाळ्यात साधं पाणी भरलं आणि हिवाळा आला तरी ते बदललंच नाही. एके सकाळी गॅरेजमधून खाडकन आवाज आला. पाणी गोठलं, फुगलं, आणि इंजिनाचा ब्लॉक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला. दुसरं इंजिन मिळेपर्यंत चौदा महिने गाडी ठोकळ्यांवर उभी होती. त्या सकाळी मी ह्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली, ती ते असेपर्यंत त्यांना परत मिळाली नाही.

मिस्त्री : सांगायचे साहेब. म्हणायचे, "मिस्त्री, मी माझ्याच गाडीत पाहुणा आहे हो!"

सासूबाई : पाहुणे म्हणून फार गोड माणूस. शेजारच्या सीटवर त्यांच्याइतकं छान कुणाला बसता आलं नाही. बरं, तुमचे हात का थांबले? ते टायर बघा.

मिस्त्री : बघितले. नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरून ठेवलीये, म्हणजे उभ्या-उभ्या बसणार नाहीत. टाकी गळ्यापर्यंत भरलीये. आता बॅटरी तेवढी काढायची. वहिनी चार्जर शोधायला गेल्यात.

सून : सापडला! आई, चार्जर तुमच्या ट्रंकेत होता, शालीत गुंडाळून. मी अख्खं घर पालथं घातलं.

सासूबाई : सूनबाई, इकडे ये.

सून : "सूनबाई" म्हणालात म्हणजे काहीतरी बिनसलंय.

सासूबाई : ही बाटली बघ. रेडिएटरला जोडलेली, आरपार दिसणारी. उन्हाळ्यात कुणाच्या हट्टानं बसवली?

सून : माझ्या. जुन्या रेडिएटरला बाटली नव्हती. गाडी तापली की कूलंट उकळून रस्त्यावर सांडायचं. आता बाटलीत जमतं आणि गार झालं की परत आत जातं. मोठा रेडिएटर, विजेचा पंखा आणि ही बाटली, तिन्ही तुमच्या परवानगीनंच बसवलीत.

सासूबाई : परवानगी मी दिली होती, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी तापायची थांबली हेही मी मान्य केलेलं आहे. प्रश्न तो नाही. ह्या बाटलीत तू पाणी घातलंस? हो की नाही?

सून : ...हो.

मिस्त्री : वहिनी!

सून : साधं नाही हो काका, डिस्टिल्ड. बॅटरीत घालतात ते.

सासूबाई : म्हणजे चोरी स्वच्छ हातांनी केलीस, एवढंच. किती वेळा?

सून : महिन्यातून एकदा.

सासूबाई : कधीपासून?

सून : दोन हिवाळे झाले.

सासूबाई : दोन हिवाळे! ऐकलंत, मिस्त्री? दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आपल्या हातानं एक पेला कूलंट घालते. आणि ही माझ्यामागून त्यात पाणी घालते! जुन्या रेडिएटरला झाकण उघडून आत डोकावावं लागायचं, म्हणून कळलं नाही. बाटली बसवलीस आणि तुझं तूच उघडं पाडलंस.

सून : बाटली बसवताना ते माझ्याही डोक्यात आलं होतं.

सासूबाई : मग?

सून : मग काय, गाडीला बाटलीची गरज होती.

मिस्त्री : वहिनी, अहो, पण कशासाठी घातलंत पाणी?

सून : काका, तुम्ही बॅटरी काढताय ना?

मिस्त्री : काढतोय की. हात बॅटरीवर आहेत, कान इकडे आहेत.

सासूबाई : त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दे.

सून : ते नका विचारू, आई. इंजिनाला काही होणार नाही, एवढं मी सांगते.

सासूबाई : एवढंच ह्यांनीही सांगितलं होतं. त्यानंतर आठ दिवसांनी खाडकन आवाज आला.

सून : मिस्त्रीकाकांसमोर नको.

सासूबाई : मिस्त्री घरचे आहेत. सव्वीस वर्षं ह्या गाडीचे नट उघडताहेत. बोल.

सून : नाही बोलणार.

सासूबाई : ठीक आहे. मग मीही स्पष्ट बोलते. ही किल्ली मी आज तुला देणार होते. गेल्या आठवड्यापासून ती माझ्या पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवलेली आहे. क्लच कसा सोडायचा हे तुला मी शिकवलं, वळणावर ब्रेक आधी लावायचा हे मी शिकवलं. माझ्या पोटच्या पोराला ते जमलं नाही.

सून : ते गाडीत बसले की गुडघे हनुवटीला लागतात त्यांचे.

सासूबाई : विनोद नंतर. मिस्त्री, उद्या ठेंगणी तुमच्या वर्कशॉपमध्ये न्या. तीन महिने ती तुमच्याकडे राहील. किल्लीही तुमच्याकडेच.

मिस्त्री : माझ्याकडे? बाईसाहेब, माझ्याकडे टॅक्स्या उभ्या करायला जागा नाही. पत्रा एका बाजूनं उघडा आहे. तिथं हिला हुडहुडी भरेल.

सासूबाई : पाणी घातलेल्या कूलंटमध्ये इथेही भरेलच.

सून : आई, किल्ली मला नका देऊ. चालेल. पण गाडी इथून हलवू नका. मी रोज बघते तिला. सकाळी चादरीखाली हात घालून बघते, दमट आहे का कोरडी. तिथे कोण बघणार?

सासूबाई : रोज बघतेस?

सून : तुम्ही बघता तेव्हा तुमच्या मागे उभी असते. तुम्हाला माहीत आहे ते.

मिस्त्री : माझं ऐका, भांडण जरा बाजूला ठेवू. माझ्याकडे ही नळी आहे, दुर्बिणीसारखी. काचेवर कूलंटचा एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायची आणि आत बघायचं. आत पट्टी आहे, निळं कुठे संपतं त्यावरून किती थंडी सोसेल ते समजतं. पाणी जास्त झालं असेल तर आत्ता कळेल.

सासूबाई : हे आधी करायचं होतं.

मिस्त्री : आधी तुम्ही बोलत होतात. हं... थेंब घेतला. घ्या, तुम्हीच बघा.

सासूबाई : आणा. ...हं. बघितलं.

मिस्त्री : कितीवर आहे रेघ?

सासूबाई : आकडा तुम्ही सांगा. मिस्त्री तुम्ही आहात की मी?

मिस्त्री : आणा इकडे. ...अरेच्चा!

सासूबाई : सांगितलं होतं ना मी! सगळं पाणी आहे.

मिस्त्री : नाही हो. उणे छत्तीसपर्यंत धोका नाही. बरोबर निम्मं-निम्मं. मी मापून घातलं असतं तरी इतकं नेमकं आलं नसतं!

सासूबाई : तुमची नळी बिघडलेली असेल.

मिस्त्री : सकाळीच दोन गाड्यांना लावली. पण मला एक कोडं पडलं. दोन हिवाळे वहिनी पाणी घालताहेत, तर हे पाणचट व्हायला हवं. पाण्याचा पंप पाझरतो आपला, महिन्याला पेलाभर जातं. तेवढं तुम्ही भरता. वर वहिनींचं पाणी. मग निम्मं कसं राहिलं? जरा तुमचा डबा बघू.

सून : काका, डबा राहू द्या. चहा टाकू का?

सासूबाई : चहा कुणालाही नको आहे. डब्याला काय झालं? दुकान तेच, कंपनी तीच, झाकण तेच. तीस वर्षं मी हाच डबा आणते. उलट दोन वर्षांपासून माल सुधारलाय. रंग आधी फिकट असायचा, आता कसा दाट येतो.

मिस्त्री : दोन वर्षांपासून?

सून : काका...

मिस्त्री : थांबा वहिनी. खाली बारीक अक्षरात लिहिलंय. "तीव्र द्रावण. समप्रमाणात शुद्ध पाणी मिसळूनच वापरावे. पाणी न मिसळता इंजिनात भरू नये."

सासूबाई : काय म्हणालात?

मिस्त्री : "भरू नये" म्हणतो डबा. बाईसाहेब, पूर्वी ह्या डब्यात पाणी मिसळलेलं तयार यायचं. आता नुसतं, घट्ट येतं. पाणी आपण मिसळायचं.

सासूबाई : घट्ट म्हणजे चांगलंच ना? थंडीला जास्त टिकेल.

मिस्त्री : तिथंच गंमत आहे. नुसतं पाणी लवकर गोठतं, आणि नुसतं कूलंटही आपल्याकडच्या थंडीत चिखलासारखं होऊन बसतं. शिवाय उन्हाळ्यात इंजिन गार ठेवत नाही ते वेगळंच. दोन्ही मिसळली की मात्र एकमेकांना गोठू देत नाहीत.

सासूबाई : म्हणजे दोन हिवाळे मी...

मिस्त्री : तुमच्या एकटीच्या हातानं हे चाललं असतं, तर आज माझी नळी वेगळंच काहीतरी सांगत असती.

सासूबाई : सूनबाई.

सून : हं.

सासूबाई : तुला हे माहीत होतं.

सून : पहिल्याच महिन्यात कळलं. तुम्ही पेला ओतून गेलात, आणि मी सांडलेलं पुसायला आले, मांजरीसाठी. पुसताना डबा हातात आला.

सासूबाई : मग केलंस काय नेमकं? आता सगळं सांग. मिस्त्रींना ऐकू दे.

सून : तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी मोठ्या पिचकारीनं एक पेला बाहेर काढायची आणि तेवढंच पाणी घालायची. काढलेलं एका कॅनमध्ये भरून ठेवलंय, माळ्यावर. ओतून नाही दिलं कुठे, विषारी असतं ते.

मिस्त्री : आत्ता आलं लक्षात! उन्हाळ्यात नवा रेडिएटर बसवला, तेव्हा जास्तीचं कूलंट वहिनींनी बादलीत तयार करून आणून दिलं होतं. मला वाटलं बाईसाहेबांनीच करून दिलंय.

सून : मी असं म्हटलं नव्हतं.

मिस्त्री : नाही म्हटलंत, पण मला तसं वाटू दिलंत.

सासूबाई : मला का सांगितलं नाहीस? मी काय तुला खाल्लं असतं?

सून : एकदा विचारलं होतं. "आई, डब्यावर काय लिहिलंय ते बघितलंत का?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या नवऱ्याला दात आले नव्हते तेव्हापासून मी ही गाडी सांभाळते आहे."

सासूबाई : म्हणाले असेन. खोटं नाही ते.

सून : मग मी पिचकारी आणली.

सासूबाई : तू दोन हिवाळे माझ्यामागून पिचकारी घेऊन फिरलीस, पण एक वाक्य दुसऱ्यांदा बोलली नाहीस. ही कुठली रीत?

सून : खरं सांगू?

सासूबाई : इतका वेळ काय मागते आहे मी?

सून : त्याच महिन्यात तुमच्या लायसन्सची तपासणी झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लांबचं उत्तम आहे, गाडी खुशाल चालवा, जवळचं वाचायला तेवढा चष्मा लावा. तुम्ही घरी येऊन काय म्हणालात?

सासूबाई : चष्मा वर्तमानपत्रासाठी. गाडी कानांनी आणि नाकानं कळते.

सून : आणि पुढे म्हणालात, "ज्या दिवशी माझ्या हातून ह्या गाडीचं काही चुकेल, त्या दिवशी मी स्टिअरिंगला हात लावणार नाही." डबा दाखवला असता तर तुम्ही चष्मा लावला असता हो, आई. पण त्याआधी गाडी सोडली असती.

मिस्त्री : ...मी बॅटरी बाहेर नेऊन ठेवतो.

सासूबाई : कुठेही जायचं नाही. तुम्ही सगळं ऐकलंत, आता शेवटही ऐका. मी तसं म्हणाले होते, सूनबाई?

सून : जेवताना. सगळ्यांसमोर.

सासूबाई : शब्द माझा आहे. आणि चूक झालेली आहे.

सून : कुठे झाली? उणे छत्तीस! काकांनी आत्ता बघितलं. इंजिनाला काही झालंय का, काका?

मिस्त्री : इंजिन माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

सून : बघा. गाडीचं काहीच चुकलं नाही. चुकलं असतं तर प्रश्न.

सासूबाई : वकिली कुठे शिकलीस?

सून : तुमच्याच घरात. दुसरा इलाज नव्हता.

मिस्त्री : बाईसाहेब, हसलात! मी पाहिलं.

सासूबाई : मला खोकला आला. मिस्त्री, गाडी इथेच राहील. तुमचा पत्रा आधी दुरुस्त करा.

मिस्त्री : हुकूम.

सासूबाई : आणि तू इकडे उभी राहा, अशी समोर. तीन महिने गाडी तुझ्याकडे राहणार असेल, तर मला आधी ऐकू दे. मधूनच पाच मिनिटं इंजिन सुरू करून बघायचं का?

सून : अजिबात नाही. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, नुसता आत ओलावा धरतो. सुरू करायचं तर अर्धा तास फिरवून आणायचं, नाहीतर झोपू द्यायचं.

सासूबाई : हँडब्रेक?

सून : सोडून ठेवायचा, नाहीतर चिकटून बसेल. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे.

सासूबाई : सायलेन्सर?

सून : उंदीर शिरू नयेत म्हणून कापडाचा बोळा. बाहेर लाल फीत लोंबती ठेवायची.

सासूबाई : चादर?

सून : सुती. प्लास्टिकची घातली की आत घाम येतो.

सासूबाई : आणि किल्ली लावण्याआधी?

सून : स्टिअरिंगवरची चिठ्ठी वाचायची. काय काढलं, काय बंद केलं, सगळं तिच्यावर असतं. चिठ्ठी काढल्याशिवाय किल्ली लावायची नाही.

मिस्त्री : सव्वीस हिवाळे त्या चिठ्ठ्या मी वाचतोय. खाली सही असायची, बाईसाहेबांची, लफ्फेदार. ती बघितली की मी दुसरं काही तपासत नसे.

सासूबाई : ह्यापुढे तपासत जा. माझी पर्स दे. ...ही घे.

सून : आई, किल्ली?

सासूबाई : मग काय, कंगवा? नीट धर. आणि ते माळ्यावरचं कॅन मिस्त्रींना दाखव. त्यातलं वापरता येत असेल तर मोजून वापरा, नसेल तर रीतसर विल्हेवाट लावा.

मिस्त्री : आणि बाईसाहेब, परत आल्यावर? शब्दाचं काय ठरलं?

सासूबाई : शब्द असा होता की माझ्या हातून चुकलं तर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. तेव्हा वसंतात पहिली फेरी ही मारेल. मी शेजारी बसेन. एक फेरी. त्यानंतरचं त्यानंतर.

सून : शेजारी बसून गप्प बसाल?

सासूबाई : ते मी कबूल केलेलं नाही.

मिस्त्री : मला मागच्या सीटवर घ्या.

सून : मागची सीट आहे कुठे, काका?

मिस्त्री : म्हणून तर म्हणालो. झालं बघा, बॅटरी निघाली, बोळा घातला, फीत लावली. चिठ्ठी राहिली तेवढी.

सून : आई, पुठ्ठा आणि पेन. तुम्ही लिहिताय ना?

सासूबाई : तू लिही. मी सांगते. "बॅटरी काढलेली आहे. सायलेन्सरमध्ये बोळा आहे. हँडब्रेक सोडलेला आहे."

सून : "...सोडलेला आहे." पुढे?

सासूबाई : "कूलंट निम्मं, पाणी निम्मं. तपासलेलं आहे."

सून : "तपासलेलं आहे." झालं. आता सही करा.

सासूबाई : ज्यानं तपासलं त्याची सही असते. ही रीत ह्या घरात पहिल्यापासून आहे. तुझं नाव लिही.

सून : माझं?

सासूबाई : आणि मोठ्या अक्षरात लिही. परत आल्यावर मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.